उत्तर बरोबर, कृती चुकीची : संहत आम्ल विरल करण्याचं गणित



गेल्या आठवड्यात रात्री साडेनऊला माझ्या भाचीने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. ती बारावी सायन्सला आहे. गणित असं होतं : १२ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लापासून १ मोलर आम्ल ५०० मिलि तयार करायचं आहे, तर संहत आम्ल किती घ्याल? तिने सूत्र लिहिलं, किमती भरल्या आणि उत्तर काढलं ४१.७ मिलि. अगदी बरोबर. पण खाली तिने विचारलं होतं, "मावशी, म्हणजे ४१.७ मिलि आम्ल घेऊन त्यात ५०० मिलि पाणी ओतायचं ना? उद्या प्रॅक्टिकल आहे."

मी लगेच फोन लावला. परीक्षेत या उत्तराला पूर्ण गुण मिळाले असते, पण प्रयोगशाळेच्या टेबलावर या एका वाक्यात दोन चुका आहेत. एका चुकीने द्रावण बिघडतं आणि दुसरीने डोळे जाऊ शकतात.

मी प्राथमिकची शिक्षिका आहे. सहावी ते आठवीला गणित आणि विज्ञान शिकवते. बारावीचं रसायनशास्त्र हा काही माझा प्रांत नाही. पण फोनवर बोलताना लक्षात आलं, की तिचं जे अडलंय ते बारावीचं नाहीच. ते आपल्या वर्गांतून कच्चं राहून पुढे गेलेलं आहे. म्हणून हा लेख.

आधी शब्द नीट करून घेऊ. पुस्तकात संहत आणि विरल असे शब्द येतात. बोलताना मात्र आपण संहतलाच 'तीव्र' म्हणून टाकतो आणि तिथून गोंधळ सुरू होतो. तीव्र आणि सौम्य हा आम्लाचा स्वभाव आहे. संहत आणि विरल म्हणजे त्यात पाणी किती कमी-जास्त आहे ते. हायड्रोक्लोरिक आम्ल कितीही विरल केलं तरी ते तीव्र आम्लच राहतं. व्हिनेगरमधलं अ‍ॅसेटिक आम्ल जवळजवळ शुद्ध स्वरूपात, म्हणजे अतिशय संहत मिळतं, तरी ते सौम्य आम्लच. त्यातून अजून एक गंमत : सौम्य म्हणून ते निरुपद्रवी असतं असं नाही. संहत अ‍ॅसेटिक आम्लाने कातडी चांगलीच भाजते.

आता गणिताकडे वळू. मी भाचीला म्हटलं, "आम्ल बाजूला ठेव. घरात कोकम सरबताची बाटली आहे ना?" बाटलीवर लिहिलेलं असतं, एक भाग सिरप आणि चार भाग पाणी. एक वाटी सिरप घेतलं आणि चार वाट्या पाणी घातलं, तर सरबत किती झालं? पाच वाट्या. मूळ सिरप किती पट विरल झालं? पाच पट. चार पट नाही. आता त्या पाच वाट्यांमध्ये कोकम किती आहे? जेवढं एका वाटी सिरपमध्ये होतं, तेवढंच. पाणी घातल्याने कोकम वाढलं नाही आणि कमीही झालं नाही, फक्त जास्त जागेत पसरलं.

विरल करण्याचं सगळं गणित एवढंच आहे. पाणी घालण्याआधी जेवढं आम्ल होतं, तेवढंच नंतरही असतं. आम्ल किती, हे कसं मोजायचं? संहती गुणिले आकारमान. म्हणून,

पहिली संहती × पहिलं आकारमान = दुसरी संहती × दुसरं आकारमान

हेच ते बारावीचं 'सी-वन व्ही-वन'. पण नीट बघा, हे आपल्या आठवीच्या गणितातलं व्यस्तचलन आहे! एक राशी वाढली की दुसरी त्याच पटीत कमी होते आणि गुणाकार स्थिर राहतो. आपण वर्गात 'मजूर वाढले तर दिवस कमी लागतील' अशी उदाहरणं सोडवून घेतो. त्यात एक उदाहरण सरबताचं घातलं, तर पुढे चार वर्षांनी मुलांना सूत्र वेगळं पाठ करावं लागणार नाही. सूत्राच्या दुसऱ्या बाजूला जे आकारमान आहे ते *तयार झालेल्या सगळ्या द्रावणाचं* आहे, घातलेल्या पाण्याचं नाही, हे सरबताच्या उदाहरणात आपोआप दिसतं. सूत्रात ते लपून राहतं. भाचीची पहिली चूक हीच होती. ४१.७ मिलि आम्लात ५०० मिलि पाणी घातलं असतं, तर एकूण सुमारे ५४१.७ मिलि द्रावण झालं असतं आणि संहती १ मोलर न राहता सुमारे ०.९२ मोलर झाली असती. अनुमापनात एवढा फरक पडला, की मुलं म्हणतात, "रीडिंगच जुळत नाही."

मग घालायचं पाणी किती? वजाबाकी करून ४५८.३ मिलि, असं आपण वहीत लिहू शकतो. प्रत्यक्षात मात्र तेवढं मोजून घालत नाहीत. ५०० मिलिची खूण असलेल्या चंबूत खुणेपर्यंत पाणी भरतात. कारण दोन द्रव मिसळल्यावर त्यांच्या आकारमानांची बेरीज तेवढीच येईल याचा भरवसा नसतो. ५० मिलि पाणी आणि ५० मिलि संहत सल्फ्युरिक आम्ल मिसळून थंड केलं, तर १०० मिलि भरत नाही, कमी भरतं. मुलांना हे पटवायला एक वाटी वाटाणे आणि एक वाटी मोहरी एकत्र करून दाखवा. दोन वाट्या होत नाहीत. उदाहरण ढोबळ आहे, पण मुलांच्या डोळ्यांसमोर राहतं.

फोनवर तिचा पुढचा प्रश्न फार चांगला होता. "पण मावशी, बाटलीवर १२ मोलर असं कुठे लिहिलेलंच नाहीये." खरंच नसतं. बाटलीवर दोन आकडे असतात : टक्के आणि घनता. हायड्रोक्लोरिकच्या बाटलीवर साधारण ३७ टक्के आणि १.१८ अशी घनता दिसेल. त्यावरून १२ कसे आले ते बघू. एक लीटर म्हणजे १००० मिलि. प्रत्येक मिलिचं वस्तुमान १.१८ ग्रॅम, म्हणजे लीटरभर आम्लाचं वस्तुमान ११८० ग्रॅम. त्यातले ३७ टक्के हायड्रोजन क्लोराइड, म्हणजे सुमारे ४३७ ग्रॅम. बाकी सगळं पाणी. हायड्रोजन क्लोराइडचा एक मोल म्हणजे १ + ३५.५ = ३६.५ ग्रॅम. ४३७ ला ३६.५ ने भागा, सुमारे १२ येतात. झालं. सातवी-आठवीचा मुलगा शेकडेवारी आणि भागाकार यावर इथपर्यंत येऊ शकतो, 'मोल' हा एकच शब्द नवा. मोल म्हणजे काय हे सांगताना मी 'डझन' म्हणते. डझनात १२ वस्तू, तसे मोलमध्येही ठरलेल्या संख्येइतके कण, फक्त संख्या प्रचंड मोठी.

याच रीतीने ९८ टक्के आणि १.८४ घनतेचं सल्फ्युरिक आम्ल करून बघा. १८४० ग्रॅमचे ९८ टक्के म्हणजे सुमारे १८०३ ग्रॅम, भागिले ९८, उत्तर १८.४ मोलर.

आता जरा थांबा, कारण इथे मोठी माणसंही फसतात. मीही फसले आहे. बाटलीवरचे ते ९८ टक्के *वस्तुमानाचे* आहेत. १०० ग्रॅम द्रवात ९८ ग्रॅम आम्ल, असा त्याचा अर्थ. समजा, आपल्याला १० टक्के आम्ल करायचं आहे. आपण सूत्रात सरळ ९८ आणि १० टाकतो आणि उत्तर येतं १०.२. मग १०.२ *मिलि* आम्ल मोजतो आणि ८९.८ मिलि पाण्यात घालतो. चूक! ते १०.२ *ग्रॅम* होते. सल्फ्युरिक आम्ल पाण्याच्या जवळजवळ दुप्पट जड. १०.२ ग्रॅमचं आकारमान १०.२ भागिले १.८४, म्हणजे फक्त सुमारे ५.५ मिलि. आपण १०.२ मिलि घेतलं म्हणजे सुमारे १८.८ ग्रॅम घेतलं आणि तयार झालेलं आम्ल १० टक्के नसून सुमारे १७ टक्के झालं. बाटलीवर चिकटपट्टीने '१० टक्के' लिहून आपण ती कपाटात ठेवणार आणि पुढचे शिक्षक त्यावर विश्वास ठेवणार. पाण्याच्या बाबतीत एक मिलि म्हणजे एक ग्रॅम असतो म्हणून आपल्याला ही सवय लागलेली असते. ती सवय आम्लाच्या बाटलीपाशी सोडायची.

आता दुसरी चूक, ज्यामुळे मी रात्री साडेनऊला तातडीने फोन केला.

आम्लात पाणी ओतायचं नाही. पाण्यात आम्ल ओतायचं, थोडं थोडं, पात्राच्या कडेने, काचेच्या कांडीने सतत ढवळत. हे वाक्य सगळ्या पुस्तकांत आहे आणि सगळ्या मुलांना पाठ आहे. भाचीलाही पाठ होतं. तिने मला ते फोनवर म्हणूनही दाखवलं. पण गणित सोडवताना 'आम्ल घ्या, पाणी घाला' असाच क्रम हातात येतो, कारण सूत्रात आम्ल आधी येतं आणि सरबत करतानाही आपण सिरप आधी ओततो. म्हणजे माझंच सरबताचं उदाहरण इथे घातक ठरू शकतं. वर्गात ते वापराल, तेव्हा ही गोष्ट तिथल्या तिथे मुलांना सांगा.

कारण काय? संहत सल्फ्युरिक आम्ल पाण्यात मिसळताना भरपूर उष्णता बाहेर पडते. ९८ ग्रॅम, म्हणजे जेमतेम ५३ मिलि आम्ल भरपूर पाण्यात मिसळलं, तर सुमारे ९५ किलोज्यूल उष्णता निघते. लीटरभर पाण्याचं तापमान २२ अंशांच्या आसपास वाढवायला एवढी उष्णता पुरते. पाणी भरपूर असेल तर ते ही उष्णता पोटात घेतं, नुसतं कोमट-गरम होतं. पण उलट केलं, आम्लाच्या पात्रात थोडं पाणी पडलं, तर सगळी उष्णता त्या थोड्याशा पाण्यावर येते. शिवाय पाणी हलकं, ते जड आम्लावर तरंगतं. तिथेच उकळतं आणि उडतं. उडताना सोबत आम्ल घेऊन उडतं. गरम तेलाच्या कढईत पाण्याचा थेंब पडल्यावर काय होतं, हे आपल्या प्रत्येक मुलाने बघितलेलं आहे. तेच इथे होतं, फक्त तेलाऐवजी आम्ल.

हायड्रोक्लोरिकमध्ये उष्णता एवढी नसते, पण त्याचा वायू नाका-घशाला झोंबतो. आणि सवय एकच असलेली बरी. आज कोणत्या आम्लाची बाटली आहे ते बघून क्रम ठरवणारा हात कधीतरी चुकतो.

म्हणून भाचीच्या गणिताची टेबलावरची कृती अशी : अंगात अ‍ॅप्रन, डोळ्यांवर संरक्षक चष्मा, हातात मोजे, खिडक्या उघड्या, शिक्षक शेजारी. मोठ्या चंचुपात्रात आधी साधारण ३०० मिलि डिस्टिल्ड पाणी. मोजपात्रात ४१.७ मिलि आम्ल मोजून ते या पाण्यात हळूहळू, ढवळत. तोंडाने पिपेट ओढायचा नाही, कधीच नाही. मग थंड होऊ द्यायचं. हे थंड होणं मुलं विसरतात. गरम द्रावण फुगलेलं असतं, खूण चुकते. थंड झाल्यावर चंबूत ओतायचं, चंचुपात्र थोड्या पाण्याने विसळून तेही चंबूतच आणि मग ५०० च्या खुणेपर्यंत पाणी. शेवटी चिठ्ठी : नाव, संहती, तारीख.

शेवटच्या टप्प्यात आपण पाणीच घालतोय की! मग तो नियम मोडला नाही का? हा प्रश्न माझ्या आठवीच्या वर्गात दुसऱ्या रूपात आला होता. एक मुलगा म्हणाला, "बाई, आमच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीत बाबा पाणी टाकतात. आत तर अ‍ॅसिड असतं. मग ते उडत कसं नाही?" मला क्षणभर उत्तर सुचलं नव्हतं, खरं सांगते. दुसऱ्या दिवशी वाचून जाऊन सांगितलं. बॅटरीतलं सल्फ्युरिक आम्ल आधीच विरल केलेलं असतं. चार्ज झालेल्या बॅटरीत त्याची घनता १.२५ ते १.२८ च्या आसपास, म्हणजे वस्तुमानाने साधारण एक तृतीयांशाहून थोडं जास्त आम्ल आणि बाकी पाणी. बरीचशी उष्णता ते कारखान्यात विरल करतानाच निघून गेलेली असते. चंबूतल्या द्रावणाचंही तसंच. आधी ३०० मिलि पाण्यात जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

आणि बॅटरीत फक्त डिस्टिल्ड पाणीच का टाकायचं, आम्ल का नाही, याचं उत्तर तर आपल्या गणितातच आहे. चार्जिंग होताना पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन ते उडून जातात, काही वाफेने जातं. आम्ल मात्र आतच राहतं. आम्ल तेवढंच, आकारमान कमी, म्हणजे संहती वाढली. पाणी घालून आपण ती मूळ जागी आणतो. तिथे वरून आम्ल ओतलं तर संहती भलतीच वाढेल. त्या मुलाच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते अजून आठवतं. (तो हायड्रोजन पेट घेतो, तेव्हा बॅटरीची झाकणं उघडून काडी पेटवून आत बघू नये, हेही त्याला सांगितलं. बाबांना सांगायला.)

विरल केलं म्हणजे संपलं, असंही नाही. डीएडला असताना विरल सल्फ्युरिक आम्लाचे दोन-तीन थेंब माझ्या सुती ओढणीवर उडाले. पाण्यासारखे दिसत होते, मी हाताने झटकले. वाळले. काही दिसलं नाही. धुतल्यावर ओढणीला भोकं पडली. पाणी उडून गेलं होतं, आम्ल राहिलं होतं आणि वाळता वाळता संहत होत गेलं होतं. पुन्हा तेच गणित, उलट्या दिशेने. ती ओढणी मी पुढे कितीतरी वर्षं वर्गात दाखवायला ठेवली होती. त्वचेवर उडालं तर लगेच नळाखाली धरायचं, वाहत्या पाण्यात, किमान १५–२० मिनिटं. डोळ्यात गेलं तरी तसंच, पापण्या उघड्या ठेवून, आणि मग थेट दवाखाना. त्वचेवर किंवा डोळ्यात सोडा टाकायचा नाही. सोडा फरशीवर सांडलेल्या आम्लासाठी.

पालकांसाठी एक गोष्ट. बाथरूम साफ करायला आणलेलं आम्ल पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत काढून ठेवू नका. आणि ते ब्लीचिंग पावडरबरोबर कधीही वापरू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. आम्लाच्या विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये निर्बंध घातले, १८ वर्षांखालच्या व्यक्तीला ते विकायचं नाही असं त्यात आहे. तेव्हा मुलांना दुकानातून आणायला पाठवू नका.

वर्गात घेताना खरं संहत आम्ल लागतच नाही. सरबत, नाहीतर शाईचं पाणी पुरे. मी सहा पेले मांडते. पहिल्यात शाई. त्यातला एक चमचा दुसऱ्यात, वर नऊ चमचे पाणी. दुसऱ्यातला एक चमचा तिसऱ्यात, पुन्हा नऊ चमचे पाणी. असं पुढे. प्रत्येक वेळी दहा पट. सहाव्या पेल्यात एक लाख पट विरल शाई असते आणि मुलं रंग दिसतो का यावर भांडतात. नऊच चमचे का, दहा का नाहीत, हा प्रश्न एखादी मुलगी विचारतेच. ती विचारेपर्यंत मी सांगत नाही.

सरावासाठी तीन गणितं देते. २ मोलर आम्ल २०० मिलि आहे, ते ०.५ मोलर करायला किती पाणी घालावं लागेल? (एकूण ८०० मिलि व्हायला हवं, म्हणजे ६०० मिलि पाणी. ८०० लिहिणारे निम्मे असतील.) १२ मोलर आम्लापासून २ मोलर आम्ल ३०० मिलि करायला किती आम्ल लागेल? (५० मिलि.) आणि तिसरं : २ मोलर आम्लापासून ६ मोलर आम्ल २५० मिलि तयार करा.

तिसरं मी भाचीलाही दिलं. तिने सूत्रात किमती टाकल्या आणि लिहिलं ७५० मिलि. पाच मिनिटांनी दुसरा मेसेज आला. "मावशी, २५० मिलिच्या द्रावणात ७५० मिलि आम्ल कसं मावेल?"